‘नुसती बीएस्सी’ केलेली मुलगी

ओझरच्या लोकांना विमानाचे अप्रूप राहिलेले नाही. १९६४ पासून येथे एचएएलचा कारखाना आहे. आधी मिग, मग सुखोई. हजारो सुटे भाग आणि ते जागच्या जागी बसवणारे हात, यावर गावातील कितीतरी घरांची चूल पेटते. त्यामुळे यंत्र म्हटले की जोडणारा माणूस आलाच, हे आमच्या मुलांना शिकवावे लागत नाही. या महिन्यात मात्र आपण अशा यंत्रांची ओळख करून घेणार आहोत, ज्यांच्यापर्यंत कुणाचा हात पोहोचूच शकत नाही. त्यांचे भाग थेंबभर पाण्यात सोडले की ते आपले आपण जुळतात. अशी यंत्रे बनवणाऱ्या भारतीय संशोधक यमुना कृष्णन यांची ही गोष्ट.

ही यंत्रे डीएनएची असतात. आई-वडिलांचे गुण मुलांकडे नेणारा रेणू म्हणून डीएनए आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पिळलेल्या शिडीसारखी त्याची रचना आणि त्यावर ए, टी, जी, सी ही चार रासायनिक अक्षरे. ए नेहमी टीशी जोडी जमवतो आणि जी नेहमी सीशी. या शिडीची रुंदी दोन नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एका पट्टीवरची अक्षरे ठरवली की तिला कोणती पट्टी येऊन चिकटणार, हेही ठरून जाते. म्हणजेच हा रेणू नुसता संदेशवाहक नाही, तर बांधकामाचे सामानही होऊ शकतो.

हे पहिल्यांदा लक्षात आले ते अमेरिकेतील नेड सीमन यांच्या. रेणूंचे स्फटिक तयार करून त्यांची रचना शोधणे हे त्यांचे काम, पण स्फटिक काही केल्या जमेनात. १९८० साली त्यांना एशर या डच चित्रकाराचे एक चित्र आठवले. त्यात मासे वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर रांगेत पोहत आहेत. डीएनएचे फाटे फुटलेले तुकडे असेच रांगेत लावले तर? १९८२ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली, १९९१ मध्ये डीएनएचा घनाकृती सांगाडा बनवला आणि मनात होता तसा स्फटिक जगापुढे ठेवला तो २००९ मध्ये. एका कल्पनेमागे जवळजवळ तीस वर्षे गेली. या काळात ‘याचा उपयोग काय?’ असे कुणी विचारले असते, तर हातावर ठेवण्यासारखे फारसे काही त्यांच्याकडे नव्हते.

त्या उपयोगाच्या दिशेने मोठे पाऊल भारतात पडले. यमुना कृष्णन यांचा जन्म १९७४ सालचा, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातला. चेन्नईच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजातून त्यांनी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केले. आपल्याकडे जिला ‘नुसती बीएस्सी’ म्हणतात, तीच पदवी. पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएचडी, मग केंब्रिजमध्ये संशोधन आणि २००५ मध्ये परत बेंगळुरू. तेथील राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात, म्हणजे जीवशास्त्रज्ञांच्या घोळक्यात, ही रसायनशास्त्राची मुलगी रुजू झाली.

त्यांचा प्रश्न साधा होता. काचेच्या नळीत जुळणारी ही यंत्रे जिवंत पेशीत काम करतील का? सी हे अक्षर जास्त असलेल्या डीएनएच्या पट्टीची एक खोड आहे. भोवती आम्ल असले की ती घडी घालते, आम्ल कमी झाले की उलगडते. तिच्यावर दोन चमकणारे रंग बसवले. घडी पडली की रंग जवळ येतात आणि दिसणारा प्रकाश बदलतो. सूक्ष्मदर्शकातून तो पाहून पेशीच्या कोणत्या कप्प्यात किती आम्लता आहे ते वाचता येते. लिटमसचा कागदच म्हणा ना, पण पेशीच्या आत शिरणारा. २००९ मध्ये हे यंत्र पेशींमध्ये चालले आणि २०११ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या जिवंत कृमीत. पुढे त्यांच्या गटाने क्लोराइड आणि कॅल्शियम मोजणारी यंत्रेही बनवली. २०१३ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये त्या शिकागो विद्यापीठात गेल्या आणि २०१७ मध्ये इन्फोसिस पुरस्काराच्या मानकरी ठरल्या.

या मोजमापाचा आपल्या घरांशी काय संबंध? पेशीतला कचरा पचवणारी एक पिशवी असते, लयकारिका. काही बाळांमध्ये जन्मतःच तिचे काम बिघडलेले असते. गोशे, नीमन-पिक ही त्या आजारांची नावे. न पचलेला कचरा साठत जातो, यकृत-प्लीहा वाढतात, काही प्रकारांत मेंदूवरही परिणाम होतो. नेमके निदान होईपर्यंत आई-वडील या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत राहतात. अशा बिघडलेल्या लयकारिकांत क्लोराइड कमी पडते, हे कृष्णन यांच्या गटाने डीएनएच्या यंत्रांनी दाखवले. नीमन-पिकच्या रुग्णांच्या पेशींवरही त्यांनी अशी मोजणी केली. पेशीत नेमके काय बिघडले हे कळणे ही उपचाराच्या वाटेवरची पहिली पायरी असते.

हे आजार बहुतेक वेळा आई आणि वडील या दोघांकडून आलेल्या सदोष जनुकांमुळे होतात. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकाच खानदानात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने होत असतील तर दोघेही वाहक निघण्याची शक्यता वाढते. म्हणून घरात असे मूल जन्मले असेल, तर पुढची मंगनी ठरवण्याआधी आनुवंशिक सल्ला जरूर घ्यावा. आणि दोष एकट्या सुनेच्या माथी मारणे तर विज्ञानालाही धरून नाही.

बारावीच्या निकालानंतर आमच्याकडे पालक येतात. मुलीला मेडिकलला नंबर लागला नाही, आता ‘नुसती बीएस्सी’, असे सांगताना त्यांचा आवाज उतरतो. मुलगी बाजूला खाली मान घालून उभी असते. त्या वेळी आम्ही यमुनाताईंचे नाव सांगतो. बीएस्सी केलेली प्रत्येक मुलगी शिकागोला जाईल असे नाही, नोकरीची काळजीही खोटी नाही. पण रसायनशास्त्र आवडणाऱ्या मुलीसमोर दारे बरीच आहेत. पुण्यात २००६ पासून आयसर ही संस्था आहे. बारावी विज्ञाननंतर तिची प्रवेश परीक्षा देता येते आणि पाच वर्षांत पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचता येते. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तारीख निघून जाण्याआधी मुलीला जवळ बसवून एवढे तरी विचारा, ‘बेटी, तुला काय शोधावेसे वाटते?’