काढण्याचेही शास्त्र असते

वस्तू बनविणाऱ्याचे कौतुक सर्वच करतात. ती न मोडता उघडणाऱ्याचे कौतुक कुणी केल्याचे ऐकिवात नाही. सायकलचेच उदाहरण घेऊ. पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात, तो आस सांगाड्याच्या तळाशी असलेल्या आडव्या नळीत बसतो. या भागाला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. आपल्या ओळखीच्या साध्या सायकलीत या नळीला आतून आटे असतात आणि छर्रे धरणाऱ्या वाट्या त्यात पिळून बसवतात. ब्रिटिश मापात चेनच्या बाजूची वाटी उलट आट्यांची असते, एवढे ध्यानात ठेवले की कोपऱ्यावरचा कोणताही सायकलवाला ती पान्याने काढून देतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेक महागड्या सायकलींतून हे आटे गेले. कॅननडेल कंपनीने आपले बीबी३० हे माप २००६ मध्ये सर्वांना खुले केले. त्यात ४२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत बेअरिंग नुसते दाबून बसते. शिमानोच्या ४१ आणि स्रॅमच्या ४६ मिलिमीटरच्या मापांत बेअरिंग वाटीत असते आणि ती वाटी नळीत दाबतात. यात गुण नाहीत असे नाही. वजन वाचते, नळी रुंद करता येते, कार्बनच्या सांगाड्यात आट्यांची धातूची नळी चिकटवावी लागत नाही. पण कारखान्याचे काम सोपे झाले आणि अवघड काम दुरुस्ती करणाऱ्याच्या माथी आले, त्याचे काय? नळीचे माप किंचित चुकले की वाटी करकरू लागते. आणि करकर थांबवायची तर वाटी काढणे आलेच.

येथे हातोडा आणि स्क्रूड्रायव्हर पुढे सरसावतात. एकाच कडेला टोक लावून ठोकले की वाटी तिरकी होऊन अडकते. टोक घसरले की कार्बनच्या थरांवर घाव बसतो. ते थर सुटले, तर लाखाच्या घरातला सांगाडा निकामी होऊ शकतो.

वास्तविक रीत अवघड नाही. दांडे व आस काढून आधी आत डोकावावे. दोन्ही वाट्या मधोमध एकमेकींत पिळलेल्या असतील, तर त्या ठोकायच्या नाहीत, पान्याने सोडवायच्या. नळीतून जाणाऱ्या केबली बाजूला घ्याव्यात. मग फाकणाऱ्या पाकळ्यांचे हत्यार एका बाजूने सरकवावे. पाकळ्या पलीकडच्या वाटीच्या आतल्या काठामागे टेकल्या की हत्यार सरळ धरून बेताचे ठोके द्यावेत. वाटी सर्व बाजूंनी सारखी सरकते ना, हे दर ठोक्याला पाहावे. डोळ्यांवर चष्मा असावा. ठोकण्याऐवजी स्क्रूने ओढणारे हत्यार मिळाले तर उत्तमच. वाटी चिकटवलेली असेल आणि हलत नसेल, तर जोर वाढवू नये आणि कार्बनला ज्योत तर कदापि दाखवू नये. थर बांधणारी राळ उष्णतेने मऊ पडते. ठोकून काढलेले बेअरिंग पुन्हा वापरू नये.

परंतु केवळ 'काळजी घ्या' म्हणून प्रश्न सुटत नाही. प्रत्येक मापाला वेगळे हत्यार, आणि वर्षाकाठी अशा चार-दोन सायकली पाहणाऱ्या कारागिराने ती सगळी विकत कशी घ्यावीत? सांगाडा फुटला की दोष मात्र त्याचा! आट्यांना पर्याय नव्हता, असेही नाही. २०१५ मध्ये टी४७ हे ४७ मिलिमीटरचे आट्यांचे माप पुढे आले. ट्रेकने ते स्वीकारले. स्पेशलाइज्डने २०२० च्या टार्मॅकमध्ये जुने ब्रिटिश आटे परत आणले. म्हणजे कारागिरांची तक्रार खोटी नव्हती.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी या वाट्यांच्या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. सोय एकाची आणि श्रम दुसऱ्याचे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात जेवढा आहे, तेवढाच सायकलच्या दुकानातही आहे. जी वस्तू सुखरूप उघडता येत नाही, ती पूर्ण झालेलीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सायकल घेताना आपण वजन विचारतो, रंग विचारतो, किंमत तर विचारतोच. 'हे काढतात कसे, आणि कोण काढून देईल?' हेही विचारू लागलो, तर उद्या बनविणाऱ्यांना त्याचे उत्तर आधी शोधावे लागेल.