उपसर्ग ओळखा, पण जपून

अनेक इंग्रजी शब्दांचे तीन भाग पडतात: आधी उपसर्ग, मध्ये मूळ शब्द, शेवटी प्रत्यय. ‘अनब्रेकेबल’ घ्या. ‘अन’ म्हणजे नाही, ‘ब्रेक’ म्हणजे फुटणे, ‘एबल’ म्हणजे होऊ शकणारे. अर्थ झाला, न फुटणारे.

‘इन’ हा उपसर्गही बहुधा नकारच दाखवतो. पुढच्या अक्षराप्रमाणे त्याचे रूप मात्र बदलते: इनकरेक्ट, इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. सत् आणि जन मिळून सज्जन होतो, तसेच हे.

पण प्रत्येक ‘इन’ नकारार्थी नसतो. पेट्रोलच्या टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेले दिसते. मुले त्याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा लावतात. खरा अर्थ अगदी उलट, चटकन पेट घेणारे! लॅटिनमधील ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणे. त्यातला ‘इन’ नकाराचा नव्हे. ही गफलत जिवावर बेतू नये म्हणून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणारे ते ‘नॉनफ्लेमेबल’.

मुलांना शब्द फोडायला जरूर शिकवा. त्याबरोबर शब्दकोश उघडायचीही सवय लावा.