सगळा भार ग्राहकावरच का?

नोव्हेंबर २०२०. दिवाळी तोंडावर आली होती आणि बेंगळुरूच्या बिगबास्केट या ऑनलाइन किराणा दुकानाने शहराच्या सायबर क्राइम सेलकडे धाव घेतली. कंपनीच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती इंटरनेटच्या चोरबाजारात विक्रीला असल्याचे सायबल या सायबर सुरक्षा कंपनीने उघड केले होते. कार्डांची माहिती आपण साठवतच नाही, असा दिलासा बिगबास्केटने दिला. चोरीच्या साठ्यात नावे, पत्ते, मोबाइल नंबर, ईमेल, जन्मतारखा मात्र असल्याचे सायबलचे म्हणणे होते. एप्रिल २०२१ मध्ये तो साठा इंटरनेटवर खुलाच झाला.

भामट्याला सुरुवातीला कार्डाचा नंबर लागतही नाही. तो ग्राहकच पुढे आपल्या हाताने देतो. त्यासाठी आधी विश्वास बसावा लागतो, आणि तो बसतो अशाच माहितीवर. ‘प्रिय ग्राहक’च्या जागी पूर्ण नाव, खाली घरचा खरा पत्ता, आणि मजकूर एवढाच: पार्सल अडकले आहे, पाच रुपये भरा. सणासुदीत घरोघरी एखादे पार्सल यायचे असतेच.

म्हणून ‘इंग्रजी चुकले असेल तर मेल खोटा’ हा जुना सल्ला आता टाकून द्यायला हवा. एआयच्या मदतीने भामटेही सफाईदार लिहितात, लोगो तर कोणीही उचलतो. उचलता येत नाही तो वेबसाइटचा पत्ता. तो सुरुवातीचे ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतच पाहावा आणि शेवटाकडून वाचावा. ‘फ्लिपकार्ट डॉट कॉम डॉट सेलऑफर डॉट शॉप’ अशा पत्त्याचा मालक फ्लिपकार्ट नसून सेलऑफर नावाचा कोणीतरी असतो. मोबाइलवर बहुधा पाठवणाऱ्याचे नुसते नाव दिसते. त्यावर बोट ठेवले की त्यामागचा ईमेल पत्ता दिसतो. त्याहून सोपे म्हणजे लिंकला हातच लावू नये. ॲप स्वतः उघडून ऑर्डर पाहावी. आणि पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवावे.

पण सगळी सावधगिरी ग्राहकानेच बाळगायची, हे न्यायाचे नाही. ‘शेवटचे दोन तास’ म्हणत घाई करणारे, लिंकांनी भरलेले मेल खरी दुकानेही पाठवतात. न थांबता क्लिक करण्याची सवय तिथेच लागते. फसल्यावर भुर्दंड मात्र ग्राहकाचा: रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच गुप्त तपशील दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. त्यामुळे फसगत झाल्यास लाजत बसू नये. त्याच क्षणी बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक चांगले पाऊल उचलले. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जावे, असा आदेश दिला. बँक नसलेल्याला तो पत्ता मिळतच नाही. ऑनलाइन दुकानांसाठीही असा राखीव पत्ता सरकारने सक्तीचा करावा. फ्लिपकार्ट, मिंत्रा, बिगबास्केट ही सगळी बेंगळुरूचीच अपत्ये. हा आग्रह त्यांनीच धरायला हवा. आणि सरकारी आदेशाची वाट न पाहता एक गोष्ट त्यांना उद्यापासून करता येईल: डिलिव्हरी आणि रिफंडच्या मेलमधून लिंक काढून टाकावी. ‘ॲप उघडून पाहा’ एवढे लिहिले तरी ग्राहकाला पुरते.