“आता सोडून काय उपयोग, डॉक्टर?”

सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवून रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. “वीस वर्षं घेतोय. लिव्हरचं व्हायचं ते वाटोळं झालं. आता दारू सोडून काय होणार?” मला हे अजिबात मान्य नाही. का, ते सांगायला उंदरांची गोष्ट सांगावी लागेल.

१९७६ साली सोल्ट आणि फार्बर या संशोधकांनी उंदरांना डायएथिलनायट्रोसमाइन या कॅन्सरकारक रसायनाचा एकच डोस दिला. यकृताच्या काही पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड झाला, पण वरून काहीच दिसत नव्हतं. मग निरोगी पेशींची वाढ रोखणारं दुसरं रसायन सुरू केलं आणि त्याच काळात यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला. एरवी उंदराचं यकृत आठ-दहा दिवसांत पुन्हा भरून येतं. इथे निरोगी पेशी अडकलेल्या होत्या. त्या रसायनाला दाद न देणाऱ्या बिघडलेल्या पेशीच भराभर वाढल्या आणि थोड्याच दिवसांत यकृतात गाठी दिसू लागल्या.

म्हणजे नुसता बिघाड पुरेसा नव्हता. त्या पेशींना वाढायला मोकळं रान मिळावं लागलं. याहून महत्त्वाचं पुढेच आहे. रसायन बंद केल्यावर यातल्या बहुतेक गाठी हळूहळू विरल्या, तिथल्या पेशी पुन्हा साध्या यकृतासारख्या दिसू लागल्या. थोड्या गाठी मात्र टिकल्या आणि कित्येक महिन्यांनी कॅन्सर झाला तो त्यांच्यातून.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे कबूल. पण दारू किंवा हिपॅटायटिस बी आपल्या यकृतात काय करतात? पेशी मरत राहतात, त्यांच्या जागी नव्या घाईघाईने तयार होतात. दुरुस्तीआधीच पेशी दुभंगली की डीएनएतली चूक कायमची होते. ही घाई थांबवणं आपल्या हातात आहे. (दारू चालू ठेवून लिव्हर टॉनिकची बाटली मागणाऱ्यांना मी ती लिहून देत नाही. ते रागावतात.)

फॅटी लिव्हरच्या टप्प्यावर दारू सोडली तर यकृत बरंच सावरतं. सिऱ्हॉसिस झाला असेल तर सोडल्यावर धोका कमी होतो, पण संपत नाही. अशांनी बरं वाटत असलं तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यायची.