जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार: चकाचक रंगाखाली नेमकं काय दडलंय?

1961 मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये जॅग्वार ई-टाइप आली, तेव्हा ब्रिटनमध्ये तिची किंमत होती साधारण 2,100 पौंड. 2017 मध्ये जॅग्वारनेच जुन्या ई-टाइप पूर्ण खोलून, नव्यासारख्या करून विकायला काढल्या. किंमत? 2 लाख 85 हजार पौंडांपासून पुढे. तेव्हाच्या दराने सव्वादोन कोटी रुपयांहून जास्त! (ही कंपनी 2008 पासून टाटांकडे आहे.)

पण फोटोत तितकीच देखणी दिसणारी दुसरी ई-टाइप याच्या निम्म्याहून कमी किमतीतही मिळते. हा फरक येतो कुठून?

किमती का वाढल्या?

ई-टाइप 1974 पर्यंतच बनली, सुमारे 72 हजार. पुरवठा वाढणार नाही, हे उघड आहे. 2008 च्या आर्थिक संकटानंतर व्याजदर घसरले आणि बराच पैसा अशा गाड्यांकडे वळला. शिवाय ब्रिटनमध्ये स्वतःची कार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही.

अर्थात, भाव चढतच राहतात असं नाही. 1980 च्या दशकाच्या शेवटी ते असेच भडकले आणि पुढच्या काही वर्षांत कोसळले.

मग रिस्टोरेशनचा प्रश्न काय?

1962 ते 1980 या काळात एमजीबीच्या 5 लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे ती आजही तुलनेने स्वस्त आहे. सुटे भाग मिळतात. 1988 पासून तर तिची अख्खी नवी बॉडीही मिळू लागली. खर्च होतो तो मजुरीवर. गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायला लागणारे तास गाडीच्या बाजारभावाप्रमाणे कमी होत नाहीत. ई-टाइपमध्ये हा खर्च वसूल होऊ शकतो. एमजीबीमध्ये तो बऱ्याचदा विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. शॉर्टकटचा मोह होतो तो इथेच: गंजावर पत्र्याचा तुकडा, वर पुट्टी, त्यावर झकास रंग.

पुट्टीने बिघडतं काय?

एमजीबीला वेगळी चासी नाही. दारांखालचे पोकळ सिल गाडीचा भार पेलतात. ते आतून कुजले की मधूनच बॉडी खचते आणि अपघातात संरक्षण कमी होतं. त्यात 2018 पासून ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या कारना दरवर्षीची सक्तीची तपासणी माफ आहे. गंज शोधायची जबाबदारी उरते मालकावर.

चांगलं काम कसं ओळखतात?

- लोहचुंबक: जाड पुट्टीवर तो धरत नाही.
- दारांच्या फटी: वर-खाली सारख्या नसतील, तर बॉडी खचल्याची शंका येते.
- क्रमांक: इंजिन आणि बॉडीचे क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळले, तर किंमत वाढते. अशा नोंदींचे दाखले ब्रिटनमधल्या हेरिटेज संस्था देतात.
- फाइल: पत्रा उघडा असतानाचे फोटो आणि कामाची बिलं.

यातली फाइल सर्वांत महत्त्वाची, कारण रंग चढल्यावर आतलं वेल्डिंग दिसत नाही. भाव वाढल्यामुळे चांगल्या कारागिरांना नीट कामाचे पैसे मिळू लागले, तसा वरवरच्या कामातला नफाही वाढला. म्हणून जाणकार आधी फाइल मागतात, मग गाडीभोवती फेरी मारतात.