पसंतीची पहिली ओळ

पावसाने उल्हास नदी गढूळ झाली, की आमच्या कर्जतच्या दहिवलीत घरोघरी प्रवेशाच्या गोष्टी सुरू होतात. २०२४ च्या जुलैत शेजारचे एक गृहस्थ रात्री दाराशी आले. खोपोलीच्या कारखान्यात पाळी करणारा माणूस. मुलीला एका खासगी विद्यापीठाने जागा देऊ केली होती; आठ दिवसांत पन्नास हजार भरायचे होते. सीईटीची यादी अजून लागायची होती. "सर, पैसे भरून ठेवू, की यादीची वाट पाहू?"

मला न्यू जर्सीतल्या भाच्याचा मुलगा आठवला. त्याने दोन्ही दोर धरले होते. पिट्सबर्ग विद्यापीठात अर्ज येतील तसतसे निकाल देतात. तिथे त्याने लवकर अर्ज करून जागा मिळवली. दुसरा अर्ज कॉर्नेलला, १ नोव्हेंबरच्या मुदतीत, 'जागा दिलीत तर येणारच' असे लिहून देऊन. असा शब्द एकाच ठिकाणी देता येतो आणि होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत अगदीच अपुरी मिळाली तर सुटका होते. पण चार कॉलेजांची मदत शेजारी ठेवून पाहण्याची सोय राहत नाही. म्हणून हा शब्द खिशात पैसे असलेल्यालाच परवडतो, असे मला वाटते.

आपल्याकडे ही नावे नाहीत, व्यवहार मात्र तोच. खासगी विद्यापीठे येईल त्याला जागा देत जातात. आणि अभियांत्रिकीच्या सरकारी फेरीत पहिली पसंती मिळाली की ती आपोआप 'फ्रीझ' होते. नाकारलीत तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे पहिली ओळ हे लिहून दिलेले वचनच. आपल्या किती घरांना हे ठाऊक असते? फॉर्म बहुधा सायबर कॅफेतला पोरगा भरतो.

मी मुलीचा पसंतीक्रम मागितला. पहिल्या ओळीत पुण्याचे नामांकित कॉलेज. "हॉस्टेल, मेस धरून वर्षाला किती?" बापलेक एकमेकांकडे पाहू लागली. तेवढे झेपणारे नव्हते. रात्री अकरापर्यंत बसून आम्ही लोकलने रोज जाता येईल अशी कॉलेजे वर घेतली. कर्जतचेच कोकण ज्ञानपीठही यादीत घातले.

आणि पैसे? भरा म्हणालो. यूजीसीच्या नियमाने त्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास सगळी फी परत मिळणार होती, ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापून. मूळ दाखले मात्र देऊ नका, ते अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे, हेही बजावले. पण सरकारी पहिली यादी लागेपर्यंत जागा राखायला नाममात्र रक्कमच घ्यावी, असा नियम का नसावा?

मुलीला यादीत दुसऱ्या पसंतीचे कॉलेज मिळाले. आता ती रोज सकाळच्या लोकलने जाते. विद्यापीठाचे पन्नास हजार दिवाळीच्या तोंडावर परत आले. ते पतपेढीतून काढलेले होते. तीन महिन्यांचे व्याज गृहस्थांनी ओव्हरटाइम करून फेडले.