गॅरेजमधला पंधराचा पॉइंट

भाड्याच्या बंगल्यातून वायरमनला येणारा फोन हल्ली बरेचदा गॅरेजसाठी असतो. गाडी बाहेर रस्त्यावर, आणि शटरच्या आत डीप फ्रीझर, वॉशिंग मशीन, चार्जिंगला लावलेली स्कूटर. मागणी अगदी साधी: "दादा, तेवढा एक पंधराचा पॉइंट काढून द्या." जुना पाचचा सॉकेट काढून तिथे 16 अँपिअरचा बसवायला वेळ लागत नाही, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

सोळाचा सॉकेट बसवला की 230 व्होल्टला 3,680 वॉट मिळतील असं आपण गिऱ्हाइकाला न बोलता सांगून टाकतो. मागची वायर काय म्हणते? जुन्या बांधकामात गॅरेजचा सॉकेट पुष्कळदा पोर्चच्या दिव्याच्या लाइनवरूनच काढलेला सापडतो. वायर एक-अठराची, क्वचित अ‍ॅल्युमिनियमचीसुद्धा, आणि अर्थिंग सॉकेटच्या वरच्या भोकापुरतं. स्कूटरचा चार्जर सहसा हजार वॉटच्या आतला, त्याची फार चिंता नको. पण फ्रंट लोडिंग मशीनचा हीटर दोन किलोवॉटच्या आसपास, म्हणजे एकटाच जवळजवळ 9 अँपिअर घेतो. त्यात फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की तो क्षणभर काही पट करंट ओढतो.

मग दुसरा फोन येतो. एमसीबी सारखा पडतो, मोठा बसवा. आपल्यातलेच काही जण सोळा काढून बत्तीसचा बसवून येतात. याला दुरुस्ती म्हणायला हे मासिक तयार नाही. एमसीबी भिंतीतल्या वायरीला वाचवतो, आणि तोही सैल हातानेच. 16 अँपिअरचा एमसीबी 18 अँपिअर तासभर न पडता सोसतो आणि 23 अँपिअरलाही पडायला तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. ढिल्या स्क्रूचा तर त्याला पत्ताच लागत नाही. सॉकेटमध्ये 0.1 ओहमचा सैल जोड असेल आणि इलेक्ट्रिक कारचा पोर्टेबल चार्जर त्यातून 15 अँपिअर घेत असेल, तर त्या एका ठिकाणी साडेबावीस वॉट उष्णता होते. प्लॅस्टिकच्या बोर्डात रात्रभर सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच ते.

बरोबर काम सगळ्यांना ठाऊक आहे. डीबीपासून स्वतंत्र लाइन, मशीनसाठी 2.5 चौरस मिलिमीटर, कारसाठी 4, तिला स्वतःचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गॅरेजची फरशी धुतली जाते, त्यामुळे आरसीसीबी आणि खरं अर्थिंग दोन्ही हवंच. न्यूट्रलमधून जंपर मारलेलं अर्थिंग म्हणजे फसवणूक. भिंत न फोडता वरून पीव्हीसी पाइपातून नेली, तर घरमालक लवकर तयार होतो. त्याला विचारल्याशिवाय मात्र डीबीला हात लावू नये. मंजूर भार पुरत नसेल तर वाढवण्याचा अर्जही वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच करावा लागणार.

आता पैशांचं. 11 महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस नव्या लाइनचा खर्च कशाला करेल? त्याला बरेचदा एवढंच सांगणं पुरेसं असतं की मशीन आणि फ्रीझर एका लाइनवर एकदम चालवू नका, मशीन बाथरूममधल्या गीझरच्या पॉइंटजवळ न्या, एक्स्टेन्शनची गुंडाळी तशीच ठेवून वापरू नका. पण सॉकेट बदलल्याचे पैसे मिळतात, 'इथे हे लावू नका' म्हटल्याचे मिळत नाहीत. म्हणून आपण सॉकेट बदलतो.

आमचं मत असं की तपासणीचा वेगळा आकार घ्यावा आणि तो फोनवरच सांगावा. त्या पैशांत डीबी उघडावी, एमसीबी पाडून घरात आणखी काय काय बंद होतं ते बघावं, मेगर लावावा. अर्धा तास लोड चालवून क्लॅम्प मीटरवर करंट वाचावा, नंतर लाइन बंद करून पिन किती तापली ते पाहावं. त्या पॉइंटवर किती अँपिअर चालतील तो आकडा बिलावर लिहावा आणि बिलाचा फोटो घरमालकालाही पाठवावा.